घरी ‘शाया’, वहीत ‘शाळा’

‘सर, नमस्कार. मी अमळनेर तालुक्यातल्या एका गावातून लिहिते आहे. मुलगी यंदा दुसरीत गेली. शाळा सेमी-इंग्रजी आहे, गणित इंग्रजीतून शिकवतात. घरी आम्ही सगळे अहिराणी बोलतो. तिने वहीत शाळाऐवजी ‘शाया’ आणि फळाऐवजी ‘फया’ लिहिलं, बाईंनी लाल गोल केले. त्रेपन्न सांगितलं की पस्तीस लिहिते. जाऊबाईंचा मुलगा जळगावला इंग्रजी माध्यमात आहे, तो फाडफाड इंग्रजी बोलतो. सगळे म्हणतात, आत्ताच शाळा बदला, पुढे सायन्सला जड जाईल. घरात अहिराणी बंद करू का? आणि आमची घरची भाषा बाईंना सांगू की नको? हसतील अशी भीती वाटते.’

ताई, नमस्कार.

आधी निकाल सांगतो, कारणं मागाहून. शाळा बदलू नका. अहिराणी तर मुळीच बंद करू नका.

आता ते लाल गोल. अहिराणीत ‘ळ’च्या जागी ‘य’ येतो. डोळ्याचा डोया, केळीची केयी, शाळेची शाया. हे तुम्हाला मी सांगायला नको. म्हणजे तुमच्या मुलीने जो आवाज जन्मापासून ऐकला, तोच नेमक्या अक्षराने कागदावर उतरवला. लिहिणं म्हणजे आवाजाला खूण देणं, ही गोष्ट तिला कळली आहे आणि पहिली-दुसरीत कळायची मोठी गोष्ट हीच असते. पुस्तकातला आवाज वेगळा आहे, एवढंच तिला अजून कोणी सांगितलेलं नाही. लाल गोलाने तेही कळत नाही. आपलं काहीतरी चुकलं एवढंच कळतं.

एका शाळेत मी हेच काम छान झालेलं पाहिलं आहे. बाईंनी फळ्यावर दोन रकाने आखले होते, डावीकडे ‘घरचं’ आणि उजवीकडे ‘पुस्तकातलं’. मुलं शब्द सांगत होती, बाई दोन्हीकडे लिहीत होत्या. डोया, डोळा. काया, काळा. सात-आठ शब्द झाले तशी एक मुलगी ओरडली, ‘बाई, सगळीकडे तेच होतंय!’ नियम तिने स्वतः शोधला. त्यानंतर काही दिवस वर्गात गंमत चालू होती. एका पोराने नियम इतका मनावर घेतला की ‘गाय’ची ‘गाळ’ करून आणली. तुमच्याकडे असं झालं तर घाबरू नका. गाळ लिहिणारं मूल शाया लिहिणाऱ्याच्या एक पाऊल पुढे गेलेलं असतं.

त्रेपन्न-पस्तीसची गोष्ट जरा वेगळी आहे. इथे दोष मुलीचा नाही आणि बाईंचाही नाही, आपल्या संख्यांच्या नावांचा आहे. ‘त्रेपन्न’ म्हणताना तीन आधी ऐकू येतो, पन्नास नंतर. लिहिताना मात्र पाच आधी. कानाने ऐकलं त्या क्रमाने लिहिणारं शहाणं मूल पस्तीसच लिहिणार. एकोणसाठ तर कहरच आहे, त्यात पाचही ऐकू येत नाही आणि नऊही. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात एकवीस-बावीसचं ‘वीस एक, वीस दोन’ असं वाचन आलं तेव्हा केवढी धुळवड उडाली होती, आठवत असेल. त्या पद्धतीबद्दल कोणाचं काहीही मत असो, ज्या अडचणीतून ती आली ती अडचण खरी आहे आणि तुमच्या मुलीच्या वहीत दिसते आहे.

गणित इंग्रजीतून असल्याचा इथे थोडा फायदाच होतो. ‘फिफ्टी थ्री’ ज्या क्रमाने बोलतात त्याच क्रमाने लिहितात. थर्टीनपासून नाईन्टीनपर्यंत तिथेही उलटंच आहे, पण पुढे वाट सरळ होते. तोटा दुसरीकडे आहे. मराठी १ आणि इंग्रजी नऊ जवळपास जुळे दिसतात, मराठी ४ वरून मिटवला की इंग्रजी आठ होतो. मराठीच्या पुस्तकात पान नंबर एका लिपीत आणि गणिताच्या पुस्तकात दुसऱ्या, त्यात घरी आजोबा ‘बे एके बे, बे दुणे चार’ घोकून घेतात आणि शाळेत ‘टू वन्स आर टू’. सात वर्षांच्या डोक्याला हे सगळं पेलतं, पण त्यासाठी शाळेने काही गोष्टी मुद्दाम कराव्या लागतात. द्विभाषिक शाळेची परीक्षा इथेच होते. पाटीवर सेमी लिहिलं म्हणून शाळा द्विभाषिक होत नाही.

चांगल्या शाळेत त्रेपन्न आधी हातात येतो. काड्यांचे दहा-दहाचे पाच गठ्ठे आणि सुट्या तीन काड्या. मूल त्यावर आपल्या भाषेत बोलतं, मोजतं, भांडतं. मग दशक-एकक हे शब्द येतात आणि त्याच गठ्ठ्यांवर ‘टेन्स’ आणि ‘वन्स’ची चिठ्ठी लागते. समजायचं एकदाच असतं. नाव दुसऱ्या भाषेत नव्याने शिकावं लागतं, समज नव्याने यावी लागत नाही. बालभारतीने मराठी माध्यमाच्या पहिलीसाठी एकात्मिक द्विभाषिक पुस्तकं काढली, त्यात मराठी शब्दाशेजारी इंग्रजी शब्द ठेवला, तो याच हिशेबाने.

वाचनाचंही तसंच. ‘क’ला काना-मात्रा लागली तरी त्यातला क् कुठेही क्-च राहतो. इंग्रजीतला ‘ए’ मात्र कॅटमध्ये एक, केकमध्ये दुसरा आणि कारमध्ये तिसराच आवाज काढतो. म्हणून देवनागरीतून आधी वाचायला लागलेलं मूल ‘खुणा जोडल्या की शब्द होतो’ ही युक्ती लवकर पकडतं आणि तीच युक्ती घेऊन इंग्रजीकडे जातं. दोन्ही लिप्या एकाच महिन्यात मुलाच्या अंगावर टाकणाऱ्या शाळा मला पटत नाहीत.

आणखी एक गोष्ट, जी वर्गात बसल्याशिवाय दिसत नाही. बऱ्याच सेमी वर्गांत बाई एक वाक्य इंग्रजीत बोलतात आणि लगेच तेच मराठीत. ऐकायला बरं वाटतं. पण आठवड्याभरात मुलं इंग्रजी वाक्य सोडून द्यायला शिकतात, पुढे मराठी येणारच असतं ना! मी एका शाळेत (नाव सांगत नाही) बाईंना इंग्रजी गणिताचं पुस्तक नुसतं मोठ्याने वाचून दाखवताना पाहिलं. मुलं एका सुरात मागून म्हणत होती. ‘हाऊ मेनी मोअर?’ या प्रश्नाला सगळ्या वर्गाने आठ आणि पाच यांची बेरीज करून तेरा लिहिले होते, कारण ‘मोअर’ दिसलं की मिळवायचं असं ठरलेलं. खरं तर ‘किती जास्त?’ विचारलं तरी बरीच मुलं हेच करतात. फरक एवढाच की मराठीत विचारल्यावर त्यांच्याशी त्यावर बोलता येतं.

जाऊबाईंच्या मुलाबद्दल. तो बोलतो ते खरंच चांगलं आहे, त्याचं कौतुक करा. पण बोलण्याची भाषा आणि अभ्यासाची भाषा यांत अंतर असतं. कॅनडातले भाषाशिक्षणाचे अभ्यासक जिम कमिन्स यांनी १९७९ मध्ये हा फरक मांडला. दुसऱ्या भाषेत रोजच्या गप्पा साधारण दोन वर्षांत जमतात, पण त्या भाषेत धडा समजून घ्यायला, कारणं मांडायला पाच ते सात वर्षं लागतात, असं त्यांचं म्हणणं. तेही आजूबाजूला सगळं जग इंग्रजी बोलत असताना. त्यांचं दुसरं म्हणणं माझ्या जास्त कामाचं आहे. पहिल्या भाषेत कमावलेली समज दुसऱ्या भाषेत सोबत येते. म्हणूनच २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने शक्य असेल तिथे किमान पाचवीपर्यंत घरच्या भाषेतून किंवा मातृभाषेतून शिकवा असं म्हटलं आहे.

सायन्सचं म्हणाल तर भीती निराधार नाही. माझ्याकडे दहावीनंतर येणाऱ्या मराठी माध्यमाच्या मुलांना अकरावी सायन्सची पहिली सहामाही जड जाते, ते मी दर वर्षी पाहतो. सेमीचा खटाटोप मुळात या धक्क्यासाठीच आहे: गणित-विज्ञानाचे शब्द आधीपासून कानावर पडलेले असावेत. नीट २०१७ पासून आणि जेईई मेन २०२१ पासून मराठीतूनही देता येते, पण क्लास, जाडजूड पुस्तकं, पुढची कॉलेजं बहुतेक इंग्रजीतच आहेत. तेव्हा इंग्रजी हवीच. मी फक्त क्रमाबद्दल बोलतो आहे. माझ्यापुढे बसलेली जी मुलं खरोखर अडकतात, त्यांतल्या अनेकांना कोणत्याच भाषेत अर्धं पान वाचून ‘यात काय म्हटलं आहे’ ते सांगता येत नाही. इंग्रजी माध्यमाचीही असतात त्यात, खणखणीत वाचणारी. शब्द कमी असले तर वर्षभरात भरून काढता येतात. वाचून समजायची सवयच नसली तर सोळाव्या वर्षी मला फार काही करता येत नाही.

म्हणून तुमच्या जागी मी असतो तर दुसरीत एकाच गोष्टीवर डोळा ठेवला असता. ‘निपुण भारत’ या केंद्र सरकारच्या वाचन-गणिताच्या मोहिमेत तिसरीच्या अखेरीस अर्थ समजून वाचता यावं असं उद्दिष्ट आहे. तिसरीच्या दिवाळीत मुलीला एक न वाचलेला, आठ-दहा ओळींचा मराठी उतारा द्या. वाचून तिने काय झालं ते अहिराणीत सांगितलं तरी चालेल. सांगता आलं, तर इंग्रजीची चिंता सोडा. अजिबात जमलं नाही, तर मला पुन्हा लिहा. पण त्याआधी तिचे डोळे आणि कान तपासून घ्या. हवा होता चष्मा आणि खापर फुटलं माध्यमावर, अशी मुलं मी कमी पाहिलेली नाहीत.

मधल्या काळात घरी करायचं ते थोडंच आहे. सात-आठ गठ्ठे आणि मूठभर सुट्या काड्या करून ठेवा. तुम्ही संख्या सांगायची, तिने आधी काड्या मांडायच्या, मग आकडा लिहायचा. ‘कितला?’ असंच विचारा, मुद्दाम शुद्ध मराठी नको. आजी गोष्ट सांगत असेल तर तिला अहिराणीतच सांगू द्या आणि मधेच ‘पुढे काय होईल?’ हा प्रश्न टाका. वहीत शाया आलं तर खोडू नका, ‘घरी शाया, वहीत शाळा’ एवढं म्हणा. आणि तुम्हाला येत नसलेली इंग्रजी तिच्याशी बोलायच्या फंदात पडू नका. तुमच्या घरात ज्या भाषेत भांडण होतं, हिशेब होतो, नवस बोलला जातो, ती भाषा तिला पुरेपूर मिळू दे.

शाळेत एकदा अर्धा तास वर्गात बसायची परवानगी मागा. बाई किती इंग्रजी बोलतात ते मोजू नका. मूल मराठीत बरोबर उत्तर देतं तेव्हा बाई काय करतात, ते पाहा. ‘इंग्लिशमध्ये सांग’ म्हणून खाली बसवतात, की उत्तर बरोबर धरून त्याला इंग्रजी शब्द देतात? पेपरात हिशेब बरोबर आणि स्पेलिंग चुकलं तर गणिताचे मार्क कापतात का, तेही विचारा. पहिले काही महिने इंग्रजीत गप्प राहणाऱ्या मुलाला बाई बोलायची सक्ती करतात का? उत्तरं समाधानकारक नसली तर शाळा बदलण्याआधी बाईंशी बोला. बहुतेक बाईंना हे कोणी शिकवलेलंच नसतं, आणि चाळीस पोरं सांभाळून त्या जमेल तेवढं करतच असतात.

राहिला तुमचा शेवटचा प्रश्न, घरची भाषा बाईंना सांगावी का. सांगा, आणि वही दाखवून सांगा: हे ‘फया’ अहिराणीतलं आहे. हसतील असं मला वाटत नाही. अमळनेरकडच्याच असतील तर त्यांच्या घरीही फयाच असेल.