‘फादर’ आणि ‘पिता’ यांचं साम्य योगायोग नाही कशावरून?

तुम्ही विचारलंय, ‘फादर-पिता’, ‘ब्रदर-भ्राता’ हे शब्द सारखे दिसतात एवढ्यावरून इंग्रजी नि संस्कृत एका कुळातल्या कशा ठरतात? एवढ्यावरून ठरतच नाहीत. सारखेपणा फार फसवा असतो. ‘बदनाम’ घ्या, फारसीतून आलेला शब्द. त्यातला ‘बद’ आणि इंग्रजी ‘बॅड’ यांचा अर्थ तोच, उच्चारही जवळपास तोच, तरी ते एकमेकांचे कुणी लागत नाहीत. त्याच शब्दातलं ‘नाम’ मात्र इंग्रजी ‘नेम’चं खरंखुरं चुलत भावंड.

नातं ओळखतात ते ठरावीक फरकांवरून. दोन, दहा, दात आणि टू, टेन, टूथ: आपल्या ‘द’च्या जागी तिकडे ‘ट’. पाय, पाच आणि फूट, फाइव्ह: ‘प’च्या जागी ‘फ’. डेन्मार्कच्या रास्क या भाषाशास्त्रज्ञाने १८१८ मध्ये हे मांडलं, १८२२ मध्ये याकोब ग्रिमने त्याची घडी बसवली. (परीकथा गोळा करणारे ते ग्रिम बंधू, त्यांतला हा थोरला.)

पण एक खडा दाताखाली येत होता. नियमाप्रमाणे मूळच्या ‘त’चा ‘थ’ व्हायला हवा. इंग्रजीच्या नात्यातल्या जुन्या गॉथिक भाषेत भावाचा ‘ब्रोथर’ झालाही, पण बापाचा मात्र ‘फदर’, स्पष्ट ‘द’. (आजच्या इंग्रजीत दोन्हीकडे एकच आवाज आहे, तो नंतरचा फेरफार.) संस्कृतात तर दोन्हीकडे ‘त’च. मग हा दुजाभाव का?

१८७५ मध्ये कार्ल व्हर्नर या डॅनिश माणसाला उत्तर सापडलं. दुपारी झोप यावी म्हणून त्याने बॉप या जर्मन भाषाशास्त्रज्ञाचं तुलनात्मक व्याकरण हातात घेतलं होतं, असं सांगतात. त्यात ‘पिता’ आणि ‘भ्राता’ हे दोन संस्कृत शब्द स्वरांच्या, म्हणजे उच्चारातल्या चढ-उताराच्या, खुणांसकट छापलेले होते. ऋग्वेदाच्या पोथीत ते असे दिसतात: पि॒ता, भ्राता॑. उदात्ताला, म्हणजे जोराच्या अक्षराला, खूण नसते. त्याआधीच्या खालच्या सुराखाली (अनुदात्त) आडवी रेघ, नंतरच्या उतरत्या सुरावर (स्वरित) उभी. म्हणजे ‘पिता’चा जोर ‘ता’वर, ‘भ्राता’चा ‘भ्रा’वर. जोर ‘त’च्या लगेच आधी असेल तर ‘थ’ टिकला, नसेल तर मऊ पडून ‘द’ झाला. गॉथिक लिहिली जाईपर्यंत तिथला तो जुना जोर कधीच पुसला गेला होता. वेदपाठशाळेतली मुलं मात्र आजही मान खाली-वर करत तोच घोकतात.

याचा अर्थ इंग्रजी संस्कृतातून निघाली असा नाही, दोघींची आई तिसरीच. पण त्या आईचा हा सूर संस्कृतने नीट सांभाळला.

मी पुण्यात जर्मन शिकत होतो तेव्हा ‘फाटर’, ‘मुटर’, पण ‘ब्रुडर’ असं का, हे वर्गात विचारलं होतं. उत्तर मिळालं, “पाठ करा.” जर्मनमध्ये पुढे त्या ‘द’चा ‘ट’ आणि ‘थ’चा ‘ड’ झाला. आता कळतं, ‘माता’ स्वरांसकट लिहून पाहायला हवं होतं: मा॒ता. रेघ ‘मा’खाली, म्हणजे जोर ‘पिता’सारखाच ‘ता’वर.