सांगलीत घर घेताय? आधी पाण्याची रेघ बघा

सांगलीत घर विश्रामबागेत घ्यावं की गावभागात, असं तुम्ही विचारलंत. प्रश्न चांगला आहे, पण घाई करू नका. सांगलीत पहिला प्रश्न पुराचा. आयर्विन पुलाजवळ कृष्णेची धोक्याची पातळी ४५ फूट; ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांवर गेलं. त्या वेळी आम्ही गावभागात तळमजल्यावर भाड्याने राहत होतो. पाणी ओसरल्यावर भिंतीवर मातकट रेघ होती, थेट स्विचबोर्डाच्या वर. आईच्या लग्नातला शालू चिखलातून काढताना जे वाटलं, ते तुमच्या वाट्याला येऊ नये.

म्हणून एजंटला नाही, शेजारच्या किराणा दुकानदाराला विचारा: २००५, २०१९ आणि २०२१ ला पाणी कुठवर आलं होतं? तो हात लावून दाखवतो. आणि घर आतून कोरडं राहिलं तरी रस्ता बुडाला तर दूध, दवाखाना सगळंच अडतं, हेही विचारात घ्या.

नवखे लोक हमखास चुकतात ते इथे:
- उन्हाळ्यात घर बघून बयाणा देतात. शामरावनगरसारख्या सखल भागात जुलैत एक चक्कर माराच.
- स्वस्त म्हणून गुंठेवारीतला, म्हणजे मंजुरीशिवाय तुकडे पाडून विकलेला, प्लॉट घेतात. नियमित झाल्याचा कागद हातात आल्याशिवाय पैसे देऊ नका.

विश्रामबाग महाग वाटेल, पण बजेट बसत असेल तर मी तिकडेच बघेन. नाहीतर मिरजेच्या बाजूला सरका. कर्जाचं, व्याजाचं नंतर बघू. या रविवारी फक्त दोन गल्ल्या पायी फिरा.