गिनी मोडण्याआधी: सॉव्हरिनबद्दल वाचकांचे प्रश्न

प्रश्न (सातारा): आजीच्या डब्यातून एक गिनी निघाली. एका बाजूला व्हिक्टोरिया राणी, दुसऱ्या बाजूला घोडेस्वार. वजन 7.95 ग्रॅम भरलं. सोनार म्हणतात, गिनी आठ ग्रॅमची असते, ही खोटी असेल.

उत्तर: निव्वळ या वजनावरून तिला खोटं ठरवता येत नाही. आपल्याकडे जिला गिनी म्हणतात ती बहुतेक वेळा गिनी नसते. इंग्लंडमधली खरी गिनी 1663 ते 1814 या काळातली, साधारण 8.35 ग्रॅमची. तुमच्याकडे आहे ते सॉव्हरिन, म्हणजे एक पौंडाचं सोन्याचं नाणं. काही घरांत त्याला 'पौंड' म्हणतात, ते जास्त बरोबर आहे. आजचं सॉव्हरिन 1817 पासूनचं. घोडेस्वार म्हणजे ड्रॅगनला मारणारा सेंट जॉर्ज. ते चित्र बेनेडेट्टो पिस्त्रुची या कोरीवकाराचं.

टांकसाळीतून निघताना सॉव्हरिनचं वजन 7.988 ग्रॅम असतं, व्यास 22.05 मिलिमीटर, जाडी सुमारे 1.52 मिलिमीटर. सोनं 22 कॅरेट, म्हणजे शुद्ध सोनं 7.322 ग्रॅम. 'आठ ग्रॅम' हा बोलण्यातला पूर्णांक झाला. ब्रिटनमध्ये हे नाणं झिजून 7.938 ग्रॅमच्या खाली गेलं की ते व्यवहारात चालत नसे. तुमचं 7.95 आहे, म्हणजे हाताळून झिजलेलं, पण तिथल्या कायद्यालाही चाललं असतं असं नाणं. उलट आठ ग्रॅम किंवा त्याहून जास्त भरलं तर संशय घ्या. आपल्याकडचे सराफ राजा-राणीची छाप मारून पुरत्या आठ ग्रॅमची नाणी विकत आले आहेत. ती सोन्याची असतात, पण सॉव्हरिन नसतात.

प्रश्न (दादर): पंचम जॉर्जच्या 1918 च्या नाण्यावर बारीक 'I' दिसतो. हे नाणं मुंबईत पडलं असं ऐकलं. मग ते दुर्मीळ असेल ना?

उत्तर: मुंबईत पडलं हे खरं, दुर्मीळ मात्र नाही. सॉव्हरिन लंडनबाहेरच्या टांकसाळींतही पडत, आणि कुठलं नाणं कुठलं हे एका अक्षरावरून कळतं. सिडनीचा S, मेलबर्नचा M, पर्थचा P, ओटावाचा C, प्रिटोरियाचा SA आणि मुंबईचा I. लंडनला अक्षर नाही. पंचम जॉर्जच्या नाण्यावर हे अक्षर घोड्याच्या खुरांखालच्या जमिनीच्या रेघेवर, सालाच्या बरोबर वर शोधायचं. दहापट भिंग घ्या आणि उजेड तिरका पाडा, समोरून पाडला तर अक्षर चकाकीत हरवतं. व्हिक्टोरियाच्या तरुणपणाच्या मुखवट्याची नाणी वेगळी: मागे घोडेस्वार असेल तर अक्षर राणीच्या मानेखाली, ढाल असेल तर ढालीखाली.

पहिल्या महायुद्धात चांदीची टंचाई होती आणि सोनं जहाजाने हलवणं धोक्याचं होतं. म्हणून फोर्टातल्या मुंबई टांकसाळीत रॉयल मिंटची, म्हणजे ब्रिटनच्या सरकारी टांकसाळीची, शाखा उघडली. सॉव्हरिनची यंत्रणा तयार होईपर्यंत तिथे 15 रुपयांची सोन्याची मोहोर पाडली गेली. तिचं वजन आणि कस सॉव्हरिनइतकाच, कारण 1899 च्या कायद्याने एक सॉव्हरिन म्हणजे 15 रुपये असा हिशेब ठरला होता. मोहोरेवर राजाच्या डोक्यावर मुकुट असतो, सॉव्हरिनवर डोकं उघडं. नंतर आलेली मुंबईची सॉव्हरिन सुमारे 13 लाख, सगळ्यांवर साल 1918. शाखा 1919 मध्ये बंद झाली. पुढे 1927 च्या कायद्याने सॉव्हरिन आपल्याकडचं चलन उरलं नाही. सरकार ते 13 रुपये 5 आणे 4 पै या दराने स्वीकारत असे, इतकंच.

13 लाख ही संख्या लहान नाही, त्यामुळे या नाण्याला सोन्याच्या भावावर मिळणारी वाढ माफक असते. तरी ते वितळवायला देऊ नका. परदेशातल्या संग्राहकांनाही सात टांकसाळींचा संच मुंबईशिवाय पुरा करता येत नाही. आणि आमच्या मते मराठी संग्राहकाने पहिलं सॉव्हरिन घ्यावं तर हेच.

नव्या नाण्यांवरही I सापडेल. 2013 आणि 2014 मध्ये रॉयल मिंटच्या परवान्याने एमएमटीसी-पॅम्प या सोनं शुद्ध करणाऱ्या कंपनीने भारतात सॉव्हरिन पाडली, पण त्यांवर एलिझाबेथ राणी आहे. पंचम जॉर्ज, अक्षर I आणि साल 1918 सोडून दुसरं काही, असं नाणं समोर आलं तर ते बनावट.

प्रश्न (कोल्हापूर): कॅरेट मीटरवर 91.6 आलं म्हणजे नाणं खरं समजायचं का?

उत्तर: नाही. कॅरेट मीटर फक्त वरच्या अगदी पातळ थराचा कस सांगतं. शिवाय सॉव्हरिनची फसवणूक पितळेपुरती नाही. 1950-60 च्या दशकांत लेबनॉनमध्ये खऱ्या सोन्याची बनावट सॉव्हरिन पडली, कारण नाण्याचा भाव त्यातल्या सोन्यापेक्षा चढा होता. अशा नाण्याचा कस बरोबर निघू शकतो. म्हणून आम्ही तपासणी या क्रमाने करायला सांगतो.

आधी साल आणि अक्षर जुळतं का पाहा. याला खर्च शून्य. लंडनने 1918 ते 1924 या सालांची सॉव्हरिन पाडलीच नाहीत, म्हणजे या सालाचं बिनअक्षरी नाणं खोटं. प्रिटोरियाचं SA 1923 च्या आधी नाही. लंडनचं 1917 खरं असतं, पण बहुतेक वितळली गेल्यामुळे महाग आहे आणि म्हणूनच त्याच्या नकला भरपूर. 1917 चं पर्थ किंवा सिडनीचं साधं नाणं घेऊन अक्षर खरवडणारेही असतात. त्या जागी रेघ सपाट किंवा खरखरीत दिसली की समजा.

मग वजन आणि माप. हलक्या धातूवर मुलामा दिला तर वजन, व्यास आणि जाडी तिन्ही एकदम जुळत नाहीत. वजन बरोबर आणायचं तर नाणं जाड करावं लागतं. व्हर्निअर कॅलिपरने दोन-तीन ठिकाणी मोजा.

त्यानंतर पाण्याची परीक्षा. काट्यावर पाण्याचा पेला ठेवून आकडा शून्यावर आणा. नाणं बारीक नायलॉनच्या दोऱ्याने पूर्ण बुडवा. तळाला किंवा कडेला टेकू देऊ नका आणि चिकटलेले बुडबुडे झटका. काटा दाखवेल ते सारलेल्या पाण्याचं वजन. नाण्याच्या कोरड्या वजनाला त्याने भागा, उत्तर, म्हणजे नाण्याची घनता, 17.5 ते 17.7 च्या आसपास यायला हवं. एका सॉव्हरिनसाठी काटा 0.45 दाखवतो, आणि 0.01 ग्रॅमच्या काट्यावर एक घर इकडे-तिकडे झालं तरी उत्तर 17.4 किंवा 18.2 होतं. बहुतेक जण इथेच फसतात. मिलिग्रॅम दाखवणारा काटा वापरा, नाहीतर एकाच प्रकारची पाच नाणी एकत्र बुडवा. तेव्हा आकडा 2.27 च्या जवळ यावा. अर्थात, पाच नाण्यांत एखादं खोटं असेल तर ते सरासरीत लपतं.

शेवटी भिंग. पाडलेल्या नाण्यावर अक्षरांच्या कडा धारदार असतात आणि मोकळी जागा स्वच्छ असते. ओतीव साच्यातून आलेल्या नकलेवर बारीक खळगे, उगीच उठलेले ठिपके, गोलसर अक्षरं आणि अर्धवट दातेरी कड दिसते. लेबनॉनच्या चांगल्या नकला या टप्प्यावरच सापडतात, म्हणून शेजारी एक खात्रीचं नाणं ठेवून तुलना करा.

प्रश्न (नाशिक): लक्ष्मीपूजनात दरवर्षी हळदीकुंकू लागून नाणं काळपट झालंय. एकावर पूर्वी कडी डाखलेली होती. उजळवून घेऊ का?

उत्तर: उजळवू नका. पॉलिशचं चाक सोनंही नेतं आणि नाण्याचा मूळ पोतही. औषधांच्या दुकानातलं शुद्ध ॲसिटोन काचेच्या वाटीत घेऊन नाणं अर्धा तास बुडवा, मग डिस्टिल्ड पाण्यातून काढून मऊ कापडावर ठेवा. घासायचं नाही. नेलपॉलिश रिमूव्हर चालत नाही, त्यात तेल आणि रंग असतो. ॲसिटोन पेट घेतं, देव्हाऱ्यापासून दूर. डाखलेल्या नाण्याचा डाख काढला तरी कडेवरची खूण जात नाही. ते सोन्याच्या भावाचंच नाणं समजा. पूजेला तेच ठेवा.

प्रश्न (पुणे): विकायचं असेल तर भाव कसा काढायचा?

उत्तर: 24 कॅरेटच्या 10 ग्रॅमच्या भावाला 0.7322 ने गुणा. भाव एक लाख असेल तर पूर्ण वजनाच्या नाण्यातलं सोनं 73,220 रुपयांचं. झिजलेलं असेल तर प्रत्यक्ष वजनाला 0.9167 ने गुणून शुद्ध सोनं काढा. हा तळ. सराफ मोडीच्या भावात 'घट' म्हणून टक्के कापू लागले तर विचारा, कशाची घट? दागिन्यात डाख असतो, खडे असतात. सॉव्हरिनचा कस ठरलेला आहे. वितळवून टंच काढू देऊ नका, एकदा वितळलं की साल, अक्षर सगळं गेलं.

एका व्यक्तीकडून एका दिवसात दोन लाख किंवा त्याहून जास्त रोख घेता येत नाही. 24 महिन्यांहून जास्त काळ तुमच्याकडे असलेल्या सोन्यावरचा नफा दीर्घकालीन धरतात, कर 12.5 टक्के. वारशाने आलेल्या जुन्या नाण्यासाठी 1 एप्रिल 2001 चं बाजारमूल्य खरेदीची किंमत म्हणून धरता येतं, त्याचा कागद नोंदणीकृत मूल्यांककाकडून करून घ्या.

प्रश्न (लंडन): पुण्याच्या आत्याने मला व्हिक्टोरियाची चार सॉव्हरिन दिली आहेत. इकडे घेऊन येऊ का?

उत्तर: आणू नका. पुरावस्तू आणि कलानिधी कायदा, 1972 प्रमाणे शंभर वर्षांहून जुनं नाणं पुरावस्तू ठरतं, आणि पुरावस्तू देशाबाहेर नेण्याचा अधिकार खासगी व्यक्तीला नाही. व्हिक्टोरियाचं शेवटचं साल 1901, म्हणजे चारही त्यात आली. ती भारतातच ठेवा किंवा परवानाधारक विक्रेत्याला विका.

हौस असेल तर तिथेच खरेदी करा. ब्रिटनच्या रहिवाशाला 1837 पासूनच्या सॉव्हरिनच्या नफ्यावर भांडवली नफ्याचा कर लागत नाही, कारण ती तिथे आजही अधिकृत चलन आहेत. पुढे भारतात आणताना मात्र लक्षात ठेवा, दागिन्यांची शुल्कमुक्त सवलत नाण्यांना नाही. विमानतळावर कस्टमच्या रेड चॅनलला जाऊन जाहीर करा.

प्रश्न (ठाणे): संग्रह सुरू करायचाय, बजेट बेताचं आहे.

उत्तर: पंचम जॉर्जच्या एकाच राजवटीत सातही टांकसाळी येतात, तोच संच धरा. लंडन 1911 ते 1913 मधलं कुठलंही, सिडनी, मेलबर्न आणि पर्थचं 1911, ओटावा 1911, मुंबई 1918, प्रिटोरिया 1925. ही सगळी सहज मिळणारी सालं आहेत. ओटावाचं 1916 किंवा सिडनीचं 1920 स्वस्तात देणारा भेटला तर पाठ फिरवा. वर्षाला एक नाणं घेतलं तरी चालेल. प्रत्येक नाणं 22 मिलिमीटरच्या कडक कॅप्सूलमध्ये ठेवा, मऊ पीव्हीसीच्या पाकिटात नको, त्याने हिरवट चिकट थर बसतो. वहीत साल, अक्षर, मिलिग्रॅमपर्यंत वजन, खरेदीची तारीख आणि त्या दिवशीचा सोन्याचा भाव लिहा, आणि पावती त्याच पानाला टाचा.