वर्गणी भरली, आता पुढे काय?

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी तीन एकाच विषयावरची आहेत. गावोगावच्या सिव्हिल इंजिनिअर्स असोसिएशनमध्ये सभासद म्हणून नेमकं करायचं काय, हा तो विषय. मी स्वतः सांगलीत तीस वर्षं हेच काम करते आहे, त्यामुळे उत्तरं थोडी लांबली तर समजून घ्या.

प्रश्न: मॅडम, मी डिप्लोमा सिव्हिल, वय 27. तासगाव भागात घरांची छोटी कामं करतो. गेल्या वर्षी असोसिएशनचा सभासद झालो. वर्षभरात एक सहल, सिमेंट कंपनीकडून एक जेवण आणि 15 सप्टेंबरला, अभियंता दिनी, विश्वेश्वरय्यांच्या फोटोला हार, एवढंच झालं. ज्येष्ठ मंडळी आपापसात बोलतात, आम्ही पोरं मागच्या खुर्च्यांवर. पूर आला की बिस्किटं आणि ब्लँकेटं वाटतो. ते तर कुणीही करेल. सभासदत्व पुढे चालू ठेवू का?

उत्तर: ठेवा. ‘ते तर कुणीही करेल’ असं तुम्ही लिहिलंत, तिथेच तुमच्या प्रश्नाचं उत्तर आहे.

2005 च्या पुरात आम्हीही ब्लँकेटंच वाटली होती. 2019 च्या ऑगस्टमध्ये सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी 57 फुटांच्या वर गेलं. धोक्याची पातळी 45 फूट, यावरून काय ते समजा. पाणी उतरायला लागलं तशी आमची बैठक भरली आणि पुन्हा तीच यादी सुरू झाली, किती बिस्किटं, किती चादरी. तेव्हा आमच्यातले एक ज्येष्ठ सभासद म्हणाले, चादरी द्यायला अख्खा महाराष्ट्र येतोय, भिंती कोण बघणार? दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही ओळंबे (भिंत सरळ आहे का ते पाहायची, दोरीला बांधलेली वजनं), टेप, लहान हातोड्या आणि शाळेतून आणलेले तीन रंगांचे खडू घेऊन गावभागात शिरलो.

तिथलं एक घर अजून डोळ्यांसमोर आहे. खालचा मजला मातीत बांधलेल्या विटांचा, वर लाकडी पाटण, म्हणजे तुळया-फळ्यांचा मजला. पाणी माळ्यापर्यंत येऊन बरेच दिवस तसंच राहिलेलं. बाहेरून भिंत अगदी उभी दिसत होती. लोकांना वाटतं, पाणी उतरलं म्हणजे धोका टळला. मातीतल्या भिंतीचं तसं नसतं. सांध्यातली माती लोण्यासारखी मऊ झालेली असते, पाटणाचा भार तोच असतो आणि बाहेरून टेकू दिल्यासारखं उभं असलेलं पाणी तेवढं निघून गेलेलं असतं. घरातल्या आजी दारात उभ्या होत्या. देव आत राहिलेत, तेवढे आणू का, एवढंच त्या विचारत होत्या.

ते ज्येष्ठ सभासद स्टुलावर चढले, वय साठीच्या पुढचं, आणि तुळईखालून ओळंबा सोडला. मी खाली वाकून टेप धरला. ते वरून म्हणाले, वाच. वरती दोरीपासून भिंत 4 इंच, खालीही 4 इंच, मधे मात्र दीडच. भिंतीनं पोट काढलं होतं. हातोडीच्या दांड्यानं ठोकत गेलो तर त्या पट्ट्यात सगळीकडे पोकळ आवाज. एका सेंट्रिंगवाल्यानं स्वतःच्या टेंपोतून जॅक आणून दिले, एक पैसा घेतला नाही. पाटणाला खालून आधार दिला, मग आमच्यातल्याच एकानं आत जाऊन देव आणले. दारावर लाल खडूनं धोक्याची खूण केली. आजींनी ती खूण पुसायला कुणाला हात लावू दिला नाही.

इथे ब्लँकेटचा काही उपयोग नव्हता. तिथे हवा होता ओळंबा आणि तो वाचता येणारा माणूस. तुमच्या असोसिएशनकडे असे किती जण आहेत, मोजा.

त्या पाहणीत आम्ही जोड्या केल्या होत्या, एक ज्येष्ठ आणि एक नवा. मागच्या खुर्चीचा तुमचा प्रश्न याच कामातून सुटेल. सभागृहात जे सर तुमच्याकडे बघत नाहीत, तेच साईटवर तुमच्या हातात टेप देतात आणि तुम्ही वाचलेला आकडा लिहून घेतात. आणखी एक नियम आम्ही केला होता. ज्यानं घर फुकट पाहिलं, त्यानं त्या घराच्या दुरुस्तीचं काम घ्यायचं नाही. यावरून दोन बैठका वाजल्या. एकानं राजीनामाही दिला. पण हा नियम नसता तर लोकांनी आम्हाला गिऱ्हाईक शोधत फिरणारे समजून दार लावून घेतलं असतं, आणि त्यांचं चुकलं नसतं. 2021 ला पुन्हा पाणी आलं तेव्हा लोक आपणहून बोलवायला आले, ते या नियमामुळे असं माझं ठाम मत आहे.

पूर येईपर्यंत काय करायचं? गवंड्यांचा वर्ग सुरू करा. महिन्यातला एक रविवार, सकाळी दोन तास, एखाद्या चालू साईटवर. भाषणं नकोत. आम्ही पहिल्या वर्गात फक्त पाणी शिकवलं. सिमेंटच्या 50 किलोच्या एका पोत्याला साधारण 25 लिटर, वाळू ओली असेल तर त्याहून कमी. वीस वर्षं थापी धरलेला एक गवंडी म्हणाला, पाणी आम्हाला डोळ्यानं कळतं. बरं म्हटलं. त्याच्या हातानं काँक्रीटच्या दोन घाण्या करवल्या, एक बादलीनं पाणी मोजून, दुसरी त्याच्या रोजच्या सवयीनं पाइप सोडून. फूटभर उंचीचा स्लंप कोन, म्हणजे काँक्रीट किती पातळ झालंय ते दाखवणारा साचा, भरून उचलला. पहिलं काँक्रीट थोडंसं बसलं, दुसरं धिरड्याच्या पिठासारखं पसरलं. दोन्हींचे 150 मिलिमीटरचे ठोकळे भरले, नावं घातली, पाण्यात ठेवले. 28 दिवसांनी कॉलेजच्या प्रयोगशाळेत त्याला सोबत घेऊन गेलो. दुसरा ठोकळा मशीनखाली किती लवकर फुटला ते त्यानं स्वतः पाहिलं आणि काही न बोलता फुटलेला तुकडा खिशात टाकला. आता त्याच्या साईटवर बादलीवर रंगानं रेघ ओढलेली असते.

दुसरा वर्ग रिंगांचा, म्हणजे कॉलमच्या उभ्या सळयांना बांधणाऱ्या आडव्या कड्यांचा घ्या. रिंगेचं टोक नुसतं काटकोनात वळवून सोडलं तर भूकंपात कॉलमचं कव्हर, म्हणजे सळयांवरचा काँक्रीटचा थर, सुटतं आणि रिंग उघडते. ते टोक 135 अंशांत, आत काँक्रीटच्या गाभ्यात वळलं पाहिजे. हे आपल्याकडे कशाला, असं कुणी म्हणालं तर कोयनेची आठवण करून द्या. 11 डिसेंबर 1967 ला तो हादरा आपल्या शेजारीच बसला. आणि किल्लारी, 30 सप्टेंबर 1993 ची पहाट. दोन-दोन फूट जाडीच्या दगडी भिंती आतून दोन वेगळ्या पापुद्र्यांच्या होत्या, मधे दगडमातीची भर, आरपार जाणारा दगड फारसा कुठे घातलेलाच नव्हता. पापुद्रे सुटले आणि वरचा मातीचा भार झोपलेल्या माणसांवर आला. हे मी प्रत्येक वर्गात सांगते आणि प्रत्येक वेळी सांगताना माझा आवाज बदलतो.

हाराबद्दल म्हणाल तर तो घाला. विश्वेश्वरय्यांनी आपल्या पुण्यात शिक्षण घेतलं, खडकवासल्याला 1903 मध्ये त्यांचे स्वयंचलित दरवाजे बसले, हे आपल्या मुलांना माहीत हवं. पण हार घातल्यावर नववीच्या मुलांना एखाद्या पुलावर न्या. आम्ही आयर्विनवर नेतो. 1929 चा पूल आहे. मुलं पाण्याच्या पातळीचे फुटांचे आकडे वाचतात आणि 57 कुठे येतात ते मान वर करून बघतात.

ज्येष्ठांना बोलतं करायचं असेल तर मासिक बैठकीत प्रत्येकाला एकच विषय द्या, माझ्या हातून चुकलेलं एक काम. सुरुवात मी केली होती. काळ्या मातीत उथळ पाया घेऊन बांधलेली कंपाउंडची भिंत, दोन पावसाळ्यांत तिला हात जाईल एवढी भेग पडली. मालकाला मी ती पदरचे पैसे घालून बांधून दिली. त्या दिवशी बैठक रात्री साडेदहापर्यंत चालली आणि पोरं पुढच्या खुर्च्यांवर येऊन बसली.

प्रश्न: मी बी.ई. सिव्हिल, नऊ वर्षं साईटवर आहे. असोसिएशनमध्ये आम्ही तिघी आहोत. आमच्या वाट्याला येतं सूत्रसंचालन, पाहुण्यांचं औक्षण आणि रांगोळी. नाही म्हटलं तर वाईटपणा येतो. काय करू, ताई?

उत्तर: वाईटपणा येऊ द्या. हे मी वरवर म्हणत नाही, मी तो घेतला आहे. पण नुसतं ‘नाही’ म्हणू नका, त्याच बैठकीत एक काम मागून घ्या आणि ते लेखी नोंदवायला लावा.

तुमच्यासाठी मला एक काम सुचतं. तुमच्या साईटवर विटा-वाळू वाहणाऱ्या बायकांपैकी किती जणींची बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळात नोंदणी आहे, विचारून पाहा. हे मंडळ 1996 च्या कायद्यातून आलं. 18 ते 60 वयाच्या, वर्षात 90 दिवस काम केलेल्या कामगाराला नोंदणीचा हक्क आहे. मुलांच्या शिक्षणाला मदत मिळते, बाळंतपणाला मिळते. पैसाही कुणाच्या उपकाराचा नाही, बांधकाम खर्चाच्या एक टक्का उपकरातून तो जमा होतो. तरी बायका मागे राहतात. आधारवर माहेरचं नाव, बँकेत सासरचं, 90 दिवसांचा दाखला कुणी देत नाही, आणि ठेकेदाराच्या वहीत नवऱ्याच्या नावापुढे ‘जोडी’ एवढंच लिहिलेलं असतं. त्या ‘जोडी’तली बाई कुठल्याच कागदावर नसते.

तुम्ही तिघी मिळून महिन्यातून एक दिवस, आठवडी बाजाराचा धरा म्हणजे त्या गावात येतातच, टेबल मांडून बसा. नावं जुळवून द्या, अर्ज भरून द्या, ठेकेदाराला हजेरीवहीत दोघांची दोन नावं लिहायला लावा. पुरुष सभासदांपुढे या बायका मोकळेपणानं बोलत नाहीत, तुमच्यापुढे बोलतील. एकच सांभाळा. ज्यांना साईटवर कधी पाहिलं नाही, त्यांचा दाखला घेऊन कुणीतरी येईलच, कदाचित पुढाऱ्याचा माणूस असेल. सही करू नका. त्या एका खोट्या सहीमुळे खरी घमेली उचलणारीचा अर्ज पुढच्या वेळी संशयानं पाहिला जातो.

आणि औक्षण ज्याला करायचं असेल तो करील. आमच्याकडे गेली काही वर्षं पाहुण्यांना रोप देतात, ते आणायची पाळी सगळ्यांना येते.

प्रश्न: पुरानंतर किंवा आगीनंतर आम्ही मोफत पाहणी केली आणि उद्या ते घर पडलं तर जबाबदारी कुणाची? भीतीपोटी आमचे निम्मे सभासद येत नाहीत.

उत्तर: भीती रास्त आहे. उपाय कागदावर आहे. तोंडी कधीच सांगू नका, ‘काही होत नाही, राहा’ हे वाक्य तर मुळीच नको. आमची चिठ्ठी अर्ध्या पानाची असते, दोन प्रतींत. तारीख, वेळ, काय पाहिलं, काय पाहता आलं नाही, आणि आज काय करावं. वर ठळक लिहिलेलं असतं, ‘नजरपाहणी, स्थैर्य प्रमाणपत्र नव्हे’. घरमालकाची सही घेतो. शंका असेल तर लाल खूण करायची आणि पालिकेला त्याच दिवशी लेखी कळवायचं. महापालिका हद्दीत 30 वर्षांवरच्या इमारतींना स्ट्रक्चरल ऑडिट, म्हणजे इमारतीच्या मजबुतीची रीतसर तपासणी, कायद्यानंच लागतं. ते हातोडी आणि ओळंब्यानं होत नाही, त्यासाठी नोंदणीकृत स्ट्रक्चरल इंजिनिअरकडेच पाठवा.

तुमच्या भागातल्या एखाद्या वकिलाला बोलावून हा मसुदा एकदा तपासून घ्या आणि पावसाळ्याआधी दोनशे प्रती छापून ठेवा. आमच्या पहिल्या वेळी चिठ्ठ्या नव्हत्या. मुलांच्या वह्यांची पानं फाडून लिहिलं, आणि त्यातली बरीच पावसात भिजून गेली.