आमवात : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : मला आमवात म्हणजे ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस आहे. प्रतिकारशक्ती वाढवणारं टॉनिक घेऊ का?

उत्तर : नको. तुमची प्रतिकारशक्ती कमी पडलेली नाही, तिची ओळखण्यात गफलत होते आहे. आपल्या काही प्रथिनांमधल्या आर्जिनिन या अमिनो आम्लाचं सिट्रुलिन या दुसऱ्या अमिनो आम्लात रूपांतर होतं. हा बदल निरोगी शरीरातही होतो, पण काहींच्या प्रतिकारपेशी अशा प्रथिनांना परकं समजतात. आमवातासाठी करतात त्या अँटी-सीसीपी रक्ततपासणीत सापडतात ती याच प्रथिनांविरुद्धची प्रतिपिंडं. सांधा दुखू लागण्याच्या कित्येक वर्षं आधीपासून ती रक्तात असू शकतात. त्यामुळे सुरुवात सांध्यात न होता फुप्फुसात किंवा हिरड्यांत होत असावी, असा संशय आहे. सिगारेट ओढत असाल तर आधी ती सोडा.

प्रश्न : मग सांध्यातलं हाड कशामुळे झिजतं?

उत्तर : ‘झिजतं’ हा शब्द मला इथे खटकतो. झीज वापराने होते, इथे हाड चक्क खाल्लं जातं. सांध्याचं आतलं अस्तर एरवी अगदी पातळ असतं. टी-पेशी, बी-पेशी आणि मॅक्रोफेज या प्रतिकारपेशी तिथे ठाण मांडतात. मॅक्रोफेजमधून टीएनएफ आणि आयएल-६ ही सूज वाढवणारी रसायनं सुटतात. त्यांनी चेतवलेल्या अस्तरातल्या फायब्रोब्लास्ट पेशी वाढत सुटतात आणि पॅनस नावाचा जाड थर कूर्चेवर चढून ती कुरतडतो. याच पेशी आणि टी-पेशी रँकएल नावाचं प्रथिन तयार करतात. त्याच्या इशाऱ्यावर ऑस्टिओक्लास्ट, म्हणजे हाड विरघळवणाऱ्या पेशी, तयार होतात. सूज लवकर आटोक्यात आणायची ती यासाठी. खाल्लेलं हाड सहसा भरून येत नाही.

प्रश्न : आरए फॅक्टर (आमवाताच्या रक्ततपासणीत पाहतात ते एक प्रतिपिंड) पॉझिटिव्ह आला, पण सांधे ठणठणीत आहेत.

उत्तर : तेवढ्यावरून आमवात ठरत नाही. निरोगी वयस्कांत आणि हेपटायटिस सी झालेल्यांतही हा फॅक्टर सापडतो.

प्रश्न : टीएनएफ रोखणाऱ्या इंजेक्शनआधी डॉक्टर क्षयाची तपासणी का सांगतात? मला खोकलासुद्धा नाही.

उत्तर : क्षयाचे जंतू शरीरात वर्षानुवर्षं गुपचूप पडून राहू शकतात. प्रतिकारपेशी त्यांच्याभोवती ग्रॅन्युलोमा नावाची गाठ बांधून त्यांना कोंडतात. ती गाठ टिकते ती बरीचशी टीएनएफच्या जोरावर. सांध्यात छळणारं रसायन इथे राखणदार असतं. इंजेक्शनने ते अडवलं की कोंडलेले जंतू सुटू शकतात. छुपा क्षय निघाला, तर आधी त्याची औषधं सुरू होतात आणि इंजेक्शन थोडं पुढे ढकललं जातं.