हाँगकाँगचा किनारा कुठून बघायचा? वाचकांचे प्रश्न

प्रश्न: आम्ही दोघं नोव्हेंबरमध्ये दोन दिवस हाँगकाँगला थांबतोय. ह्यांना बिल्डिंगा बघायच्यात, मला समुद्र. सुरुवात कुठून करू?

उत्तर: दोघांचंही एकाच तिकिटात होईल ताई, स्टार फेरी या बोटीत बसा. समोरच्या काठावरच्या चिम शा चुईच्या धक्क्यावरून हाँगकाँग बेटावरच्या सेंट्रलला जाणारी पकडा, उलटी नको, कारण जाताना अख्खं हाँगकाँग बेट समोरून अंगावर येतं. उजवीकडे 412 मीटरची आयएफसी ही ऑफिसांची इमारत, मध्ये गोल गोल खिडक्यांचं जार्डिन हाउस, डावीकडे वास्तुकार आय. एम. पेईंचा बँक ऑफ चायना टॉवर, 1990 मध्ये पुरा झालेला, त्रिकोणांचा, आणि त्याच्याही पलीकडे पंख पसरल्यासारख्या छपराचं कन्व्हेन्शन सेंटर. सगळा प्रवास जेमतेम दहा मिनिटांचा, म्हणून फोटो काढण्यात घालवू नका, निदान पहिल्या फेरीत तरी. बोटीला पुढचं-मागचं असं नाही, दोन्ही टोकं सारखीच, त्यामुळे परतताना लोक बाकाची पाठ पलटतात आणि बसतात, ती गंमतपण बघा. आणि एक गोष्ट मला फार आवडते, ही फेरी कंपनी 1888 मध्ये दोराबजी नौरोजी मिठाईवाला या पारशी गृहस्थांनी काढली, स्टार फेरी हे नाव 1898 चं. नोव्हेंबर तर उत्तमच, हवा कोरडी असते आणि लांबचं स्वच्छ दिसतं.

प्रश्न: जुन्या फोटोत कोर्टाची घुमटवाली इमारत पाण्याजवळ दिसते. आता नकाशावर ती बरीच आत आहे. फोटो चुकीचा की नकाशा?

उत्तर: दोन्ही बरोबर, किनारा सरकलाय! हाँगकाँग समजून घ्यायचं तर हीच गोष्ट आधी कळायला हवी. सेंट्रलमधला क्वीन्स रोड हा एकेकाळी पाण्याच्या काठाचा रस्ता होता. मागे लगेच डोंगर, पुढे समुद्र, जागा काढणार कुठून, म्हणून समुद्रात भराव घालत गेले, 1904 मध्ये एक मोठा भराव पुरा झाला आणि त्या नव्या जमिनीवर 1912 मध्ये हे कोर्ट उभं राहिलं. ग्रॅनाइटचं, चारी बाजूंनी खांबांचे व्हरांडे, ऊन आणि पाऊस दोन्ही भिंतीपासून लांब राहावेत म्हणून. पुढे आणखी भराव पडले, समुद्र लांब गेला.

पलीकडे चिम शा चुईलाही तेच झालंय. जलपोलिसांचं जुनं मुख्यालय 1884 चं, तिथल्या बुरुजावरून रोज दुपारी एक वाजता एक गोळा खाली सोडायचे आणि बंदरातली जहाजं त्यावरून आपली घड्याळं लावायची. आता तिथे दुकानं आणि हॉटेल आहे, आणि तिथे उभं राहून बंदर शोधावं लागतं. मी कुठलीही जुनी इमारत बघताना आधी विचारतो की ही बांधली तेव्हा पाणी कुठे होतं, त्याशिवाय तिचं तोंड तिकडे का आहे ते कळतच नाही.

किंमतही मोजली हो याची. सेंट्रलचा 1957 चा फेरीचा धक्का 2006 मध्ये पाडला, शेजारचा क्वीन्स पिअर हा धक्का 2008 मध्ये, लोकांनी निदर्शनं, उपोषणं केली तरी. आताचा सेंट्रलचा धक्का जुन्या इंग्रजी थाटाचा दिसतो पण तो 2006 चाच आहे, आणि मला ते खटकतं, खरा जुना पाडून जुन्यासारखा नवा बांधायचा! बंदर वाचवायचा कायदा 1997 मध्ये झाला आणि 2004 मध्ये तिथल्या सर्वोच्च कोर्टाने सांगितलं की तशीच अत्यंत निकड असल्याशिवाय भराव घालता येणार नाही.

प्रश्न: किनाऱ्यावर एवढी मोक्याची जागा आणि चिम शा चुईच्या कल्चरल सेंटरला खिडक्याच नाहीत, असं का?

उत्तर: आत नाट्यगृह आणि संगीताचं सभागृह आहे, त्यांना उजेड आणि आवाज बाहेरच ठेवायचे असतात, एवढं कारण पटतं. पण बाहेरच्या गॅलऱ्या, जिने तरी बंदराकडे उघडता आले असते. 1989 मध्ये उघडलं तेव्हापासून लोक हेच म्हणतायत आणि मीही त्यांच्याच बाजूने आहे. शेजारी 44 मीटरचा लाल विटांचा घड्याळाचा टॉवर आहे ना, 1915 चा, तो इथल्या रेल्वे स्टेशनचा उरलेला भाग. स्टेशन 1975 मध्ये हलवलं, इमारत पाडली, टॉवर तेवढा ठेवला. त्याच्या पायाशी बसा, संध्याकाळी आठला समोरच्या बिल्डिंगांवरचे लाइट्स तिथूनच छान दिसतात.

प्रश्न: आईला घेऊन ऑगस्टमध्ये जावं लागतंय. उकाड्यात आणि पावसात तिला काय दाखवता येईल?

उत्तर: बरंच काही. सेंट्रलमध्ये इमारतींना जोडणारे छत असलेले पादचारी पूल आहेत, धक्क्यापासून आतपर्यंत बहुतेक सावलीतूनच जाता येतं. वास्तुकार नॉर्मन फॉस्टर यांची एचएसबीसी बँकेची इमारत तर जरूर दाखवा, 1985 ची. मजले वरच्या पोलादी कैच्यांना टांगलेले आहेत म्हणून तळमजला पूर्ण मोकळा, वारा आरपार जातो. दाराशी 1935 चे दोन काशाचे सिंह आहेत, अंगावर युद्धातल्या गोळ्यांच्या खुणा अजून आहेत, आईला हात लावून बघू द्या. तिथून पुढे डोंगरावर चढणारे छताखालचे सरकते जिने आहेत, साधारण 800 मीटरचे, 1993 पासून चालू, फक्त सकाळी ते खाली येतात आणि दहानंतर वर जातात, तेव्हा दहानंतरच निघा. ऑगस्टमध्ये वादळं येतात, रोज सकाळी वादळाच्या इशाऱ्याचा सिग्नल बघायचा. 8 नंबर लागला की फेरी बंद, त्या दिवशी हॉटेलमध्येच थांबा.