दसऱ्यात नेपाळ की भाऊबीज उरकून?

प्रश्न : राजारामपुरीतली आम्ही तीन कुटुंबं, लहानमोठी अकरा माणसं, दसऱ्याला जोडून नेपाळला जायचं म्हणतोय. अष्टमीला काठमांडूत उतरायचं, नवमीला पशुपतिनाथ आणि भक्तपूर, दसऱ्याला गाडी करून पोखरा. पण ओळखीचे म्हणतात, तेव्हा तिथे सगळं बंद असतं. एवढा हिंदूंचा देश, मग ऐन सणात बंद कसं? तिथल्या सुट्ट्यांचं नीट सांगाल का?
– एक शिक्षिका, कोल्हापूर

उत्तर : ताई, ओळखीच्यांचं ऐका. अष्टमी ते दशमीचा बेत तेवढा मोडा, हात जोडून सांगते.

आपला दसरा रस्त्यावरचा. पंचमीला त्र्यंबोलीची यात्रा, अष्टमीला अंबाबाईची नगरप्रदक्षिणा, दशमीला दसरा चौकात सोनं लुटायला लोटलेलं गाव. नेपाळचा ‘दसैं’ मात्र घरातला, आणि तोही मूळ घरातला. घटस्थापनेपासून कोजागरीपर्यंत पंधरा दिवस तो चालतो. पहिल्या दिवशी देवघरात अंधारात जव पेरतात. ऊन न लागल्यामुळे ते पिवळेधमक उगवतात, त्यांना ‘जमरा’ म्हणतात. दशमीला घरातली थोरली माणसं दही, तांदूळ आणि लाल रंग कालवून धाकट्यांच्या कपाळावर ठसठशीत टिका लावतात, जमरा केसांत किंवा कानामागे खोवतात आणि आशीर्वाद देतात. आपल्याकडे घटातलं धान टोपीत खोवतात ना, तसंच. पण हा टिका आईवडिलांच्या, आजीआजोबांच्या हातून घ्यायचा, म्हणून काठमांडूत पोटापाण्यासाठी आलेला माणूस गावची बस धरतो. सप्तमीला गोरखा गावाहून आलेली ‘फूलपाती’, म्हणजे पूजेची फुलं-पानं, हनुमान ढोक्याच्या जुन्या राजवाड्यात नेतात, आणि तिथून कचेऱ्यांना मोठी सुट्टी लागते. शहर रिकामं होत जातं.

२०१३ साली मी मंगळवार पेठेतल्या चौदा जणांना घेऊन गेले होते. बेत अगदी तुमच्यासारखाच. दशमीला सकाळी पोखऱ्याला निघायचं होतं. नवमीच्या रात्री गाडीवाला सांगायला आला, “दिदी, आमाच्या हातून टिका घ्यायचाय. परवा येतो.” आमा म्हणजे आई. त्याला अडवायला माझी जीभ रेटली नाही. दसऱ्याला माझा मुलगा पुण्याहून आला नाही, तर मला तरी कुठे चैन पडतं? दुसरी गाडी कुणी देईना. असन बाजारात एरवी चालायला जागा नसते, तिथे एकजात शटर खाली. लॉजवर एकच पोरगा उरला होता, त्यानं दोन दिवस डाळभात रांधून घातला. चौदा माणसांचे पैसे घेऊन आलेली मी, त्या रात्री झोपले नाही.

त्याच मुक्कामातली एक गोष्ट मात्र जन्मभर पुरेल. काठमांडूच्या दरबार चौकातलं तलेजू भवानीचं देऊळ सर्वसामान्यांना वर्षातून एकदाच, नवमीला उघडतं. नाव ऐकूनच आमच्या बायकांनी तुळजाभवानी म्हणून हात जोडले होते. पहाटेपासून रांगेत उभ्या राहिल्या. एवढ्यासाठी दसऱ्यात जायचं असेल तर जरूर जा, पण अष्टमी ते एकादशी काठमांडूतच राहा, गाडीचा प्रवास ठेवू नका. आणि नवमीला दक्षिणकाली या कालीमातेच्या देवळाकडे जाऊ नका. त्या दिवशी तिथे मोठ्या प्रमाणावर बळी देतात, तुमच्याबरोबर लहान मुलं आहेत.

माझं मत विचाराल तर भाऊबीज उरकून निघा. शाळांची सुट्टी असते, पावसाळा सरल्यावर हिमशिखरं स्वच्छ दिसतात. दिवाळीतच निघू नका, कारण त्यांचा ‘तिहार’ही पाच दिवसांचा. दुसरा दिवस कुत्र्यांचा, त्यांना झेंडूच्या माळा घालतात. शेवटचा भाईटिका, म्हणजे आपली भाऊबीज, आणि त्या दिवशी गाडीवाला पुन्हा बहिणीकडे.

तारखा पाहायची युक्ती सांगते. सणवार तिथीवर असतात, म्हणून भिंतीवरचं आपलं कॅलेंडर बरंचसं पुरतं. एखाद्या दिवसाचा फरक पडू शकतो, तेवढं विचारून घ्या. आपली हरितालिका ती त्यांची तीज. त्या दिवशी पशुपतिनाथाला लाल साड्यांतल्या बायकांची रीघ असते. आपण अनंत चतुर्दशीला गणपती पोचवतो, तेव्हा काठमांडूत इंद्रजात्रेत कुमारीचा, म्हणजे देवी मानून पुजल्या जाणाऱ्या लहान मुलीचा, रथ निघतो. राष्ट्रीय सुट्ट्या मात्र विक्रम संवताच्या सौर तारखेवर, तिला ‘गते’ म्हणतात. १५ जेठ गणतंत्र दिन (२८ मे २००८ची आठवण), ३ असोज संविधान दिन (२० सप्टेंबर २०१५ची). बुकिंगच्या कागदावर २०८३ साल दिसलं तर घाबरू नका. आपल्या इसवी सालात ५७ मिळवायचे, जानेवारी ते एप्रिलच्या मध्यापर्यंत ५६. साप्ताहिक सुट्टी शनिवारी, म्हणून बँकेचं काम शनिवारवर टाकू नका.

प्रश्न : महाशिवरात्रीला पशुपतिनाथाचं दर्शन घ्यायची वडिलांची इच्छा आहे. वय ७४. न्यावं का?
– एक वाचक, शाहूपुरी

उत्तर : त्यांना न्या, पण शिवरात्रीच्या तीन-चार दिवस आधी. तेव्हाही साधू आलेले असतात, धुन्या पेटलेल्या असतात, आणि दर्शन निवांत होतं. ऐन दिवशी तासन्‌तास रांग असते. नेपाळी सेनेचा दिवसही तोच, टुंडीखेल मैदानावर कार्यक्रम असतो, त्यामुळे त्या बाजूला गाडी अडते. देवळात चामड्याच्या वस्तू चालत नाहीत, तेव्हा वडिलांचा पट्टा आणि पाकीट खोलीवरच ठेवा.